दहा मिनिटांची खिडकी

मागच्या मंगळवारी, सकाळी पावणेआठ वाजता, माझ्या खाली तळमजल्यावर राहणाऱ्या मार्ताबाईंवर अन्याय झाला. इथे पोलंडमधल्या क्राकोमध्ये भर हिवाळ्यातही लोक सकाळी दहा मिनिटं खिडकी सताड उघडतात. मार्ताबाईंना दमा आहे, त्यामुळे हवा वाईट असली की त्यांची खिडकी बंदच राहते. मंगळवारी बऱ्याच दिवसांनी हवा बरी होती. त्यांनी खिडकी उघडून चौकटीवर उशी हवा लागायला टाकली, आणि नेमकी खाली एक डिझेलची व्हॅन येऊन थांबली.

व्हॅन माझ्याकडे आली होती. "दोन मिनिटांत आले," असं ड्रायव्हरला फोनवर सांगून मी हवेवरच्या माझ्या लेखाच्या मथळ्याशी झटापट करत दहा मिनिटं वरच बसले. थंडीत तो बिचारा इंजिन चालू ठेवून थांबला.

मी उतरले तेव्हा मार्ताबाई खोकत खिडकी लावत होत्या. "काय गं, एवढं काय मागवलंस?"

व्हॅनमधून आलेल्या खोक्यात माझीच पत्रकं होती: 'आमची हवा परत द्या.' मी त्यांना एक दिलं.

"वाचते हं," त्या म्हणाल्या. "पण आधी तुझ्या त्या गाडीला वाचायला दे."

लेखांतून महापालिकेला मी रोज झापते. शहराची हवा म्हणजे मला नकाशावरचा लाल-हिरवा रंग वाटायची. ती एका बाईच्या उशीत जाऊन बसते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तुमच्याही दाराशी कुणी तुमची वाट बघत इंजिन चालू ठेवून उभं असेल. माझं लिखाण राहू द्या. आधी खाली जा आणि ते बंद करायला लावा.