तुळशीदासचा टॅब

निरगुडसरच्या आमच्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एकवीस वर्षं ते मीच करत आलोय. पारगावच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केली, पण गावात मान मिळाला तो या वाचनाने. म्हणून सरळच सांगतो, यंदा तुळशीदास माझ्या डोळ्यांत खुपायला लागला.

तुळशीदास आठव्या वर्षी गोवराने आंधळा झाला. त्याची पिठाची गिरणी आहे. चिमटीत पीठ धरून ते भाकरीला चालेल की अजून बारीक हवं, हे तो अचूक सांगतो. त्याचं कौतुक मीही करायचो, कारण त्यात माझं काही जात नव्हतं.

यंदा त्याची पुतणी कल्याणी पुण्याहून त्याच्यासाठी टॅब घेऊन आली. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली असेल ते टॅब बोलून दाखवतो. ग्रंथही तिने त्यात घालून दिला. एका कानात इअरफोन घालून ऐकायचं आणि मागोमाग मोठ्याने म्हणायचं, हे तुळशीदासने पंधरा दिवसांत बसवलं.

एका संध्याकाळी सगळे म्हणाले, आज त्याला वाचू द्या. मी हसून उठलो, पण आतून जळत होतो. माझ्या वाचनात पेंगणाऱ्या लंकाबाई टक्क जाग्या होत्या. मग रोज तेच सुरू झालं. "रखमाजी तात्या, तुमाला बी जरा इसावा," असं कुणी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एक गोष्ट मात्र कुणालाच माहीत नव्हती. दोन वर्षांपासून मला अक्षर दिसत नव्हतं. डोळ्यांची नस सुकलीय, असं डॉक्टर म्हणाले होते. मी पाठ असलेलं घडाघडा म्हणायचो आणि अंदाजाने पानं उलटायचो. बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर वाचनाची जागा गेली असती.

आठव्या दिवशी मी मुद्दाम तुळशीदासच्या शेजारी बसलो. अक्षर दिसत नसलं तरी माणसं आणि उजेड-अंधार मला अजून कळतात. टॅब काळाकुट्ट होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. भर विहारात मी म्हणालो, "थांबा. टॅब बंद हाये. ह्यो पाठ केल्यालं म्हणतोय. फसवतोय आपल्याला."

तुळशीदासने इअरफोन काढून लंकाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला.

"बोलतंय की वो तात्या."

"काचंचा उजेड मीच बंद ठिवतो," तुळशीदास म्हणाला. "मला कशाला लागतोय? चार्जिंग टिकतं."

सगळे हसले. मी मान खाली घातली.

घरी जायची आमची वाट एकच. बाकीचे पुढे गेल्यावर त्याने माझं कोपर धरलं. "तात्या, पयलं तुमचं पान वाक्याच्या मधीच वाजायचं. पान काय वाक्य बघून संपत न्हाई. दोन वर्सं झाली, वाक्य संपल्यावरच वाजतंय. दिसत न्हाई ना तुमाला?"

मी तसाच चालत राहिलो.

"ह्या टॅबात अक्षर लई मोठं करता येतं. तरी न्हाई दिसलं तर ऐकून म्हणा. मी शिकवतो. मग तुमीच वाचा. मी कुणाला सांगत न्हाई."

मी त्याला फसवा म्हणालो, तेव्हा एका वाक्यात तो मला उघडं पाडू शकला असता. तसं केलं असतं, तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. तेवढीही सोय त्याने ठेवली नाही. आधी त्याच्या वाचनाचा हेवा वाटायचा, आता अख्ख्या माणसाचाच वाटतो. आणि उद्या गिरणीवर जाऊन त्याच्याकडूनच शिकायचंय.