घरमोडी

हे मी कोनालेच सांगतलं नाही. पोराले नाही, भावाले नाही, देवापुढं बसून सुदिक नाही. तुमाले सांगते, कारन — कारन-बिरन काही नाही. सांगते.

फैजपूरले आमचं मातीचं घर. मालक लवकर गेले. केळीच्या वावरात घड वाहून वाहून मी सुरेशले मोठं केलं. रडली नाही, कोनापुढं हात पसरला नाही. पुढची खोली दवाखान्यातल्या नर्सबाईले भाड्यानं दिली होती. ती ख्रिश्चन, धुळ्याकडची. मानसाले मानूस म्हननारी बाई.

दर नाताळले ती बिस्किटाचं घर करे. हसू नका, खरंच घर! शिकत होती तवा मिशनच्या दवाखान्यातल्या कोन्या गोऱ्या डॉक्टरीनबाईनं शिकवलं म्हने. कनिक, गूळ, लोनी, सुंठ — सगळं मळून लाटायचं, त्याच्या भिंती कापायच्या, छप्पर कापायचं, आन पत्र्यावर ठेवून बेकरीच्या भट्टीत भाजून आनायचं. दिवाळीची नानकटाई आनतो ना आपन, तसंच. मग साखरेच्या पाकानं चिटकवायचं. गल्लीतली सगळी पोरं आमच्या ओट्यावर जमत.

त्या साली सुरेशचं लग्न झालेलं. सून दोंडाईच्याची, निर्मला. तिचा बाप होळीले साखरेचे हार-कंगन करून विके, तर तिले पाकाचं सगळं माहीत. नर्सबाईच्या भिंती दरसाल वाकड्या होत. त्या साली ताठ उभ्या राहिल्या. मागं गोठा केला, आत बिस्किटाचीच जनावरं — त्यांचा देव गोठ्यातच जन्मला म्हने. छपरावर घरचा कापूस पिंजून टाकला, तो बर्फ. बर्फ कोनं पाहेला होता आमच्यात? पोरं निर्मलाले चिडवत, "वहिनी, ही गाय हाये का गाढव?" ती तिच्या बोलीत म्हने, "गाढवच शे, तुले देखीसनच करं!" — तुलेच पाहून केलं म्हने. सगळे हसले. सुरेश तर असा हसला, का मी त्याले तसं हसताना कधी पाहेलंच नव्हतं. आन तो म्हनाला, "माय, हिच्या हाताले काय गोडी हाये!"

एवढंच बोलला तो. नव्या नवरीचं कवतिक केलं — त्यात काय वाईट? मी उठून भांडे घासाले गेली.

ते घर परातीत ठेवून माझ्या खोलीत आनलं, नर्सबाईकडं उंदीर फार होते. नाताळच्या सकाळी ती आपल्या पोरींले घेऊन भुसावळले चर्चात गेली. दुपारी निर्मला पान्याले गेली. सुरेश बाहीर. घरात मी एकटी.

मी त्या परातीपाशी बसली. सुंठीचा वास येत होता, बाळंतिनीच्या खोलीत येतो तसा. मागची भिंत कोनाले दिसत नव्हती. तिचा कोपरा मी मोडला — एवढासाच. तोंडात नाही टाकला. मुठीत धरून बसली. काय पाहाचं होतं मले? गोडी पाहाची होती? का ते मोडाचंच होतं? हात घसरला म्हनू? बांगडी अडकली म्हनू? — माझ्या हातात बांगडी होतीच कुठं! पाहा, अजून खोटंच सुचते.

भिंत बसली. त्यामागं छप्पर सरकलं. तेवढ्यात निर्मला आली, हंडा दारातच टेकवला आन धावली. दोनी हातांनी छप्पर धरलं तिनं. तरी सगळं खाली आलं — तिच्या हातात, तिच्या बोटांवर. आन मागून नर्सबाई, तिच्या पोरी, गल्लीतली पोरं आत शिरली.

मी बोलली, "पाहा! मोडलं हिनं. घरमोडी!"

तो शब्द कुठून आला? मी तो आधी कधी उच्चारलाच नव्हता.

निर्मलानं माझ्याकडं पाहेलं. मग माझ्या मुठीकडं पाहेलं. बोटांच्या फटीतून चुरा दिसत होता. तिले सगळं कळलं. आन ती बोलली नाही — एक शब्द नाही! मी तिच्या जागी असती तर गल्ली जमा केली असती.

नर्सबाई हसली. म्हने, "अहो अक्का, ते मोडायचंच असतं! आता सगळे मिळून मोडून खाणारच होतो की."

मोडाचंच होतं? बांधाचं आन मोडून खायाचं, हीच त्यांची रीत. मग तवा हसून मूठ उघडली असती, तर काय झालं असतं? काहीच नाही. पोरं खदाखदा हसली असती. मी मोरीत जाऊन हात धुतला.

बिस्किटाचं घर पोरांनी खाऊन टाकलं. शब्द राहिला. पोरं गंमतीनं म्हनत, "घरमोडी वहिनी." मग बाया म्हनू लागल्या, त्या गंमतीनं नाही. म्हैस आटली, घरमोडी. सुरेशचं काम सुटलं, घरमोडी. तिचं पोट पडलं तवा माझ्या जावेनं तिच्या उशाशी बसून तेच म्हटलं, आन मी ऐकलं. मग एक दिवस सुरेश बोलला. ज्यानं तिच्या हाताची गोडी सांगतली, त्याच तोंडानं.

आखाजीच्या सनाले तिचा भाऊ मुराळी म्हनून घ्याले आला. ती माहेरी गेली. परत आनाले आमच्यातून कोनी गेलं नाही. पुढं सुरेशचं दुसरं लग्न मीच लावलं, जामनेरची पोरगी केली. पन मले सांगाचं हाये ते त्याच्या आधीचं.

निर्मलाचा बाप आला होता. भर उन्हात, स्टँडापासून पायी. ओट्यावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. भांडला नाही. म्हने, "अक्का, मनी पोरनं काय चुकनं? तेवढं सांगी द्या. मी तिले समजाडसू."

सुरेश दाराशी उभा. तो पन माझ्याच तोंडाकडं पाहे. मले वाटते, त्याले तवा कोनीतरी एक शब्द बोलाले पाहिजे होता, तो गाडी जुंपून तिले आनाले गेला असता.

मी म्हटलं, "तिलेच इचारा."

ती सांगनार नाही, हे मले माहीत होतं. माहीत होतं म्हनूनच तसं बोलली.

म्हातारा उठला. टोपी घातली. जाताना त्यानं मले हात जोडले.

मी पन जोडले.