बुट्टीखालची बारकी

आमच्या घरात मोठं व्हायला आईची परवानगी लागायची. ती मला मिळाली नव्हती आणि बारकीलाही मिळाली नव्हती. मला नुकती मिशी फुटली होती, बारकीला तर त्या जन्मापासूनच होत्या. पण आईपुढे मिशांचं काही चालत नसे.

बारकी म्हणजे आमची मांजर. (नाव आईनंच ठेवलेलं, त्यावरून काय ते ओळखा!) साल तीस-बत्तीसचं असेल. सगळी भवानी पेठ गिरणीच्या भोंग्यावर उठायची आणि आम्ही आईच्या. घरचं काम घोंगड्या विणायचं. विणण्याआधी लोकरीचे उभे धागे गल्लीत दोन मेखांमध्ये ताणून बांधायचे, त्याला आम्ही ताणा म्हणायचो. त्या ताण्याला कुंच्यानं चिंचोक्याची खळ लावायची, तेव्हा कुठं लोकर ताठ व्हायची. ही खळ म्हणजे उंदरांचा जीव की प्राण! म्हणून मांजर पाळलेली. पण मांजराच्या पिल्लाला धागा दिसला की त्याच्या अंगात यायचं. म्हणून गल्लीत ताणा लागला की आई बारकीला वेताच्या बुट्टीखाली झाकायची. म्हणजे उंदीर यायच्या वेळेला आमची मांजर नेमकी अटकेत!

आता पिल्लू काही जन्मभर पिल्लू राहत नाही. बारकी करवंटीत दूध प्यायची, पुढं पुढं तिचं डोकंच करवंटीत मावेना. आई म्हणाली, “करवंटी आटली गं बया!” आणि तिनं नवा नारळ फोडला. मग बारकीचं शेपूट बुट्टीबाहेर राहायला लागलं. आई ते हातानं आत सारायची आणि म्हणायची, “बारकं हाय माजं, भितंय.”

माझंही तेच. मी कुंच्याला हात लावला की ओरड यायची, “ठेव त्यो! तुला झेपायचं न्हाय. बारका हायस अजून!” माझ्या बरोबरीची पोरं बाप झाली होती आणि मी दूध-भाकरी कुस्करून खात होतो. (तक्रार दुधाची नव्हती, कुस्करण्याची होती.)

अशात मंद्रूपहून माझ्यासाठी स्थळ आलं. पोरीचं नाव गंगू. तिला मी मंद्रूपच्या बाजारात एकदा लांबून पाहिलं होतं. एका दांडगट मेंढ्याला ती शिंगाला धरून बापामागं ओढत नेत होती. मी तिथंच गार झालो! लग्न करीन तर हिच्याशीच, असं मनात पक्कं केलं. पण गंगूच्या बापाची एकच अट होती, “पोरगा कर्ता पायजे. पोरगं सांबाळाय माजी पोर द्यायची न्हाय मला.”

आमच्या बाबांनी बेधडक निरोप धाडला, “आख्ख्या ताण्याला एकटा खळ लावतो की! येऊन बगा.”

आणि पाहुणे खरंच बघायला आले! मी उभ्या जन्मात एकट्यानं ताण्याला बोट लावलं नव्हतं. बाबांनी सकाळीच आईला बजावलं, “आज काय बी झालं तरी त्वांड उगडायचं न्हाय.” आईनं मान हलवली, बारकीला बुट्टीखाली कोंबलं आणि पदर तोंडात धरून उंबऱ्यात बसली.

पाहुणे बाजेवर बसले. गंगूचा बाप म्हणजे पांढऱ्याशुभ्र पटक्याचा, जाड भुवयांचा माणूस. मेंढरं पारखायची सवय असल्यामुळे आधी त्यांनी माझा दंड चाचपून बघितला. (तोंड उघडून दात बघितले नाहीत, एवढी कृपा!) मी देवाचं नाव घेतलं, कुंचा खळीत बुडवला आणि ताण्यावरून फिरवला. आणि जमलं की हो! अर्धा ताणा झाला. पाहुण्यांच्या भुवया सैल पडल्या. मला डोळ्यांपुढे हळदीचं अंग दिसायला लागलं.

तेवढ्यात पाहुणे म्हणाले, “आवो, ती बुट्टी चालाय लागली!”

“वारं हाय,” बाबा म्हणाले. गल्लीत पानसुद्धा हलत नव्हतं.

“वाऱ्याला शेपूट बी असतंय व्हय तुमच्यात?”

खळीच्या भांड्याशी एक गलेलठ्ठ उंदीर आला होता आणि बुट्टीच्या फटीतून बारकीनं तो हेरला होता. बुट्टी आधी चालली, मग उंदरामागं पळाली. समोरच्या जोत्यावर बसलेल्या शेजारीण नरसम्मा “अय्यो, दय्यम! बुट्टीत भूत!” म्हणून किंचाळून घरात पळाल्या. बुट्टी सरळ ताण्याखाली घुसली आणि पलीकडच्या मेखेवर धाडकन आदळली. मेख उपटली आणि ओला ताणा खाली यायला लागला. ओली लोकर मातीत पडली की संपलंच सगळं, घोंगड्याही आणि गंगूही! मी कुंचा भिरकावला आणि ताणा दोन्ही हातांवर झेलला. त्या गडबडीत माझा एक पाय खळीच्या भांड्यात गेला. कुंचा कुठं गेला ते बघायला वळलो, तर तो पाहुण्यांच्या पटक्यावर!

आईचा पदर तोंडातून सुटला.

“आवो, काय बोलू नगा त्याला! लेकरू बारकं हाय माजं!”

पाहुण्यांनी तोंडावरची खळ पुसली आणि विचारलं, “कोण बारकं? मांजर का पोरगा?”

“दोनी!” आई म्हणाली.

बाबांनी डोक्याला हात लावला. संपलं, मी मनात म्हणालो. पण हात सोडायची सोय नव्हती. तसाच एक पाय भांड्यात घालून, अंगावर ताणा घेऊन उभा राहिलो.

बुट्टी आडवी झाली आणि आतून बारकी आली. तोंडात तो उंदीर! ऐटीत चालत आली आणि तिनं तो आईच्या पायाशी ठेवला. आई बघतच राहिली. पाहुण्यांनी बारकीला मानगुटीला धरून उचललं, उलटंसुलटं बघितलं आणि खो खो हसायला लागले.

“बाई, ह्येला पिल्लू म्हंता? आवो, ही गाभण हाय! हिचीच पिल्लं येतील आता!”

“आगं बया!” आईनं बारकीला त्यांच्या हातातून काढून पदरात घेतलं.

मग पाहुणे माझ्याकडे आले. मेख ठोकून त्यांनी ताणा बांधून दिला आणि धागे न्याहाळले. एकालाही माती लागली नव्हती.

“पाय गेला, अब्रू गेली, पर ताणा सोडला न्हाय गड्यानं,” ते बाबांना म्हणाले. “पोरगा कर्ता हाय. फकस्त वरची बुट्टी काडा!”

लग्न झालं. बारकीला आईनं मांजर म्हणून मान्यता दिली, तिच्या पिल्लांचं बाळंतपणही केलं. त्याच आनंदात मलाही मान्यता मिळाली असं मी धरून चाललो. नव्या नवरीसमोर जरा रुबाबात मिशीला पीळ दिला आणि म्हणालो, “आज ताण्याला खळ मी लावणार.”

“ठेव त्यो कुंचा!” चुलीपासून आवाज आला. “तुला झेपायचं न्हाय, बारका हायस!”

गंगूला बापानं घडलेलं सगळं आधीच सांगितलं होतं. ती लगेच उठली. कोपऱ्यातली बुट्टी उचलून माझ्याजवळ आली, मला एकदा खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि चुलीकडं तोंड करून विचारलं,

“आत्याबाई, भायेर ताणा लागलाय. ह्यास्नी झाकू का?”