तिसऱ्या श्रेणीतली दीक्षा

चंदगडच्या डोंगरातल्या एका वाडीवर बायडाबाई कांबळे १९९१ पासून अंगणवाडी चालवत होत्या. मिरगापासून नवरात्रापर्यंत आहाराची गाडी वर चढायची नाही. सुकडीची पोती खालच्या गोदामात पडून राहायची आणि कागदावर मात्र पोरं रोज जेवलेली असायची.

२००३च्या पावसाळ्यात तीन वर्षांची दीक्षा आठ किलो भरली. बाईंनी तिसरी श्रेणी लिहिली. तिसरी म्हणजे तीव्र कुपोषित. मुख्यसेविकेनं दुसरी करायला सांगितलं. वरून विचारणा होते म्हणे. बाईंनी खाडाखोड केली नाही. त्यांना नोटीस आली.

त्याच सुमारास पोषण धोरणाच्या मसुद्यावर सूचना घ्यायला कोल्हापुरात बैठक भरली. बाई पहाटेच्या एसटीनं गेल्या. पडद्यावर पहिलंच कलम होतं, मातांचं अज्ञान. एक तज्ज्ञ पालेभाजीचं महत्त्व समजावत राहिले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या उभ्या राहिल्या.

"सायेब, पालेभाजी आमच्या आयांना तुमच्यापरास जास्त म्हाईत हाय. चार म्हैनं गाडी वर येत न्हाई. तवा पोरांनी काय खायाचं, ते या कागदात कुठं हाय?"

तज्ज्ञांनी मुद्दा चांगला आहे म्हणून मान डोलावली आणि सगळे जेवायला उठले. महिन्यानं इतिवृत्त आलं. त्यात बाईंच्या नावापुढं एकच ओळ होती: सेविकांना प्रशिक्षणाची गरज.

ती ओळ बाईंनी वाडीतल्या आयांना वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी अकरा आया पोरं कडेवर घेऊन, भिजत डोंगर उतरल्या आणि चंदगडच्या बालविकास ऑफिसात शिरल्या. बाईंनी वजनकाटा तिथल्या प्रकल्प अधिकारी साहेबांच्या टेबलाशेजारी तुळईला टांगला. दीक्षाला झोळीत बसवलं.

"आता तुमीच बघा आन् तुमच्या हातानं लिवा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी लिहिलं. आठ किलो, तिसरी श्रेणी. अकरापैकी पाच पोरं त्याच रकान्यात गेली.

आठवड्यात पोती डोक्यावरून वाडीत पोचली. पुढच्या साली पावसाआधीच चार महिन्यांचं धान्य शाळेच्या खोलीत भरून ठेवलं गेलं. दीक्षा सावरली. बाईंची नोटीस मात्र कुणी मागं घेतली नाही. शेजारच्या तीन वाड्यांवर गाडी चढत नव्हतीच. तिथल्या रजिस्टरात सगळी पोरं दुसऱ्या श्रेणीत होती.

धोरणाचा सुधारित मसुदा आला, तेव्हा बाईंनी तो उभ्यानंच वाचला. पहिलं कलम तेच होतं.