करुणाच्या चालू जॉबमध्ये

आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात, ताईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरं आहे. पण एक तीळ गेली चार वर्षं माझ्या तोंडात आहे. भिजला, कुजला, आणि मी तो कुणापुढं थुंकले नाही. नवऱ्यापुढं नाही, आईपुढं नाही, ज्या बहिणीला मी पोटातलं सगळं सांगते तिच्यापुढंही नाही. तुमच्यापुढं थुंकते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. भित्र्या माणसाला अनोळखी माणूस सोयीचा पडतो.

आणि हो — ऐकता ऐकता मधेच "जाऊ द्या हो, होतं असं" म्हणू नका. या वाक्याचा मला संताप येतो. हे वाक्य मी स्वतःशी इतक्या वेळा म्हटलंय की त्याचा चोथा झालाय.

आधी मी कशी आहे ते ऐका, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी ढोकीची. तोंडाची फटकळ. गॅसच्या रांगेत कुणी मधे घुसलं की त्याला मागं पाठवून येणार, एसटीत म्हाताऱ्या माणसाची जागा बळकावणाऱ्याला सगळ्या गाडीसमोर उठवणार. ऑफिसात साहेब चुकले तर साहेबांनाही तोंडावर सांगणार. लोक मला वचकून असतात, पण विश्वासही ठेवतात. "ताई बोलल्या ना? मग तसंच असणार." — हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या खोट्याला जे पाय फुटले, ते या वाक्याचे.

धाराशिवमध्ये एक छोटं केंद्र आहे, जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारं. तिथं मी बरीच वर्षं आहे. विहिरींची पातळी, पाऊस, माती, खडक, असं सगळं संगणकात घालायचं आणि कुठल्या गावाचं पाणी कधी आटेल याचा अंदाज काढायचा, हे आमचं काम. एवढं गणित आमच्या टेबलावरच्या यंत्रांना झेपत नाही. ते पुण्यातल्या एका मोठ्या संगणकावर चालतं. इथून जॉब पाठवायचा, म्हणजे काम आणि त्याला किती मेमरी लागेल ते सांगायचं, आणि रांगेत थांबायचं. माझ्या गावी साखर कारखान्यापुढं उसाचे ट्रॅक्टर थांबतात, अगदी तसं. पाळी हुकली की पुन्हा शेपटाला.

पाळी आली की जॉब सुरू होतो आणि दिवसच्या दिवस आपला आपण चालत राहतो. मधे डोकावायचं असेल तर इथून एक कुलूपबंद वाट उघडता येते. पासवर्ड दिला की पडद्यावर काळी खिडकी येते. तिला शेल म्हणतात. त्या खिडकीतून तुम्ही थेट चालू जॉबच्या घरात उभे असता. काम कुठवर आलं, चाललंय की अडकलंय, सगळं दिसतं. सोय फार चांगली आहे. फक्त एक गोष्ट — तिथं उभं राहून तुम्ही जे काही कराल, ते त्या जॉबच्याच मेमरीतून जातं. ठरल्यापेक्षा जास्त झालं, की मोठा संगणक कुणी खाल्लं ते विचारत नाही. अख्खा जॉब मारून टाकतो. दिवसच्या दिवसांचं काम, खलास.

हे मला माहीत नव्हतं का? अहो, मीच शिकवायची हे! नवीन येणाऱ्या प्रत्येकाला माझं ठरलेलं वाक्य होतं — दुसऱ्याच्या चालू जॉबमध्ये शिरलात तर नुसतं बघायचं, हात लावायचा नाही.

आणखी एक. पुण्याचे लोक प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यायला तयार होते. आमच्या साहेबांना तो खटाटोप नको होता. म्हणून सगळ्या ऑफिसचं मिळून एकच लॉगिन, साहेबांच्या नावाचं. पासवर्ड सगळ्यांना पाठ. घरातल्या सगळ्यांनी एकच चप्पल घालून फिरावं तसा प्रकार, अंगणात पाय उमटले तरी कुणाचे ते कळायचं नाही. या पद्धतीवरून मी साहेबांशी दोनदा भांडले होते. तिसऱ्यांदा नाही भांडले. तिसऱ्यांदा ती माझ्या उपयोगाला आली.

करुणा सोनारीची. वडील एसटीत कंडक्टर. घरातली पहिलीच एवढी शिकलेली पोर, आमच्याकडं एका वर्षाच्या नेमणुकीवर आली होती. बुटकी, भराभर चालणारी, डब्यात रोज शेंगदाण्याची चटणी आणणारी. पहिल्याच महिन्यात तिनं आमचा जुना प्रोग्राम मोडून नवीन लिहिला. माझा जुना प्रोग्राम. आणि तो चांगला होता हो, तिचा. इतका चांगला की मी त्यात खोट काढायला बसले आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं उठले. जळफळाट झाला माझा. वरवर मी तिची पाठ थोपटली.

सगळ्या जिल्ह्याचा मोठा जॉब तिनं पाठवला, तो वर्ष संपता संपता. त्यावर तिची नेमणूक वाढायची की नाही ते ठरणार होतं. मधे थांबला तर तिथूनच पुन्हा सुरू करण्याची सोय ती प्रोग्राममध्ये लिहायला बसली होती. मीच म्हटलं, ते नंतर कर गं, आधी रांगेत तर लाव. तिनं ऐकलं. माझं ती सगळं ऐकायची.

जॉब सुरू झाला, आणि नेमकं तिच्या भावाचं लग्न आलं. ती करवली. जाताना माझ्या टेबलापाशी थांबली. म्हणाली, "ताई, तेवढं जॉबकडं लक्ष असू द्या. कुटं अडकला तर फोन करा, लग्नातनं उठून येते बगा."

लक्ष असू द्या! कुणाला सांगितलं बघा.

जॉब लग्नाच्याच दिवशी सकाळी पुरा होणार होता. साहेब त्याच सकाळी बैठकीला संभाजीनगरला निघणार होते, त्या जॉबमधून निघणारा जिल्ह्याच्या पाण्याचा नकाशा घेऊन. म्हणजे घाई कसलीच नव्हती — ऐकताय ना? कसलीच नव्हती. आदल्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी साहेबांनी सहज विचारलं, "मॅडम, काही दाखवण्यासारखं झालंय का?" मी म्हटलं, "दाखवते की."

का म्हटलं? इथं मी चार वर्षं अडखळते आहे. साहेबांना वाईट वाटू नये म्हणून? कामाच्या ओढीनं? छट्. उद्या सकाळी नकाशा आला असता तर तो करुणाचा आला असता. आज संध्याकाळी आला तर तो माझा. एवढंच. एवढंच होतं ते, दुसरं काही नाही.

तयार झालेला भाग इकडं उतरवून माझ्या यंत्रावर नकाशा काढता आला असता. आमच्या इंटरनेटला ते उतरवायला रात्र झाली असती. मग मी काळी खिडकी उघडली, करुणाच्या चालू जॉबमध्ये शिरले, आणि तिथंच, तिच्या मेमरीत, सगळ्या जिल्ह्याचे आकडे एकदम ओढले. बोट कळीवर ठेवताना मला ते वाक्य आठवलं. माझंच. हात लावायचा नाही. आठवलं, आणि तरी मी कळ दाबली.

खिडकी बंद झाली. पडद्यावर एक ओळ उरली. ठरलेल्या मेमरीपेक्षा जास्त वापर झाल्यानं जॉब बंद करण्यात आला आहे.

साहेब चहाचा ग्लास घेऊन मागं आले. "काय झालं हो?" आणि मी — म्हाताऱ्यांच्या जागेसाठी अख्खी एसटी डोक्यावर घेणारी मी — वळूनही न बघता म्हणाले, "करुणाचा प्रोग्राम मेमरी खातोय, सर. जॉब पडला." कसं आलं हो तोंडातून इतकं पटकन? जीभ अडखळायला नको होती? माझा आवाजसुद्धा नेहमीसारखाच होता. खरं बोलणाऱ्या बाईचा.

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "मी म्हटलंच होतं. अशांना घेतलं की हे असं होतं."

अशांना म्हणजे कशांना? हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडला नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. करुणाचं आडनाव साहेब कसं तोंडातल्या तोंडात घोळवत, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. एरवी कुणी माझ्यासमोर असलं बोललं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. काढलीही आहेत. त्या दिवशी मी मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ पुसत बसले. साहेबांचं ते वाक्य मला उपयोगी होतं. त्यांना तिचा प्रोग्राम तपासावासाही वाटला नाही. साहेब वाईट, हे सांगून मी आज हात झटकू का? त्यांच्या मनातल्या घाणीला त्या दिवशी पुरावा हवा होता, आणि तो मी माझ्या हातानं नेऊन दिला.

जॉब पडल्याचा फोन मीच केला, आणि दुसऱ्या दिवशी करुणा पहिल्या गाडीनं आली. लग्न दुपारचं होतं, ती सकाळीच धाराशिवात. हाताला हळद तशीच. ती हळद कीबोर्डच्या कळांना लागत होती आणि ती ओळीमागून ओळ वाचत होती. खूप वेळानं माझ्याकडं वळली. "माजंच काईतरी चुकलं असंल, ताई. तुमी व्हता म्हणून लगेच कळलं तरी." मी म्हटलं, "होतं गं असं. जा, लग्न गाठ." ती गेली नाही. भावाच्या लग्नाच्या वेळेला ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून नसलेली चूक शोधत होती. मी डबा उघडला. जेवले मी. हो, जेवले!

बैठक नकाशाविना झाली. करुणाची नेमणूक वाढली नाही. ती गेल्यावर साहेबांनी प्रोग्राम माझ्याकडं दिला, की मॅडम, तुम्हीच दुरुस्त करा. मी तो उघडला, बंद केला, एक अक्षर न बदलता पुन्हा रांगेत लावला. पाळी आल्यावर तो सुरू झाला आणि शेवटपर्यंत बिनबोभाट चालला. चालणारच! त्याला झालंच काय होतं? ऑफिसात पेढे वाटले. ताईंनी दुरुस्त केला, ताईंनी दुरुस्त केला. नकाशाखाली नाव माझं लागलं. पेढा मी नाकारला नाही.

हे करुणाला कळलं. तिनं फोन केला, आणि तिचा आवाज आनंदी होता. तेच मला सहन होत नाही. तिला राग यायला हवा होता. तिला विचारायचं होतं, "ताई, काय बदललं तुमी? मला घावलंच न्हाई." मी म्हटलं, "अगं, थोडं इकडचं तिकडं." ती म्हणाली, "मला बी शिकायचंय ते. परत कदी येळ मिळाला की सांगा." मी म्हटलं, सांगेन.

आता ती भूमला एका कॉलेजात पोरांना संगणक शिकवते. पोरांना म्हणे पहिल्याच दिवशी सांगते, यंत्र कधी चुकत नाही, चूक आपल्यात शोधा. मला कुणीतरी कौतुकानं सांगितलं हे. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. हैदराबादच्या एका संस्थेनं तिला बोलावलंय, असल्याच कामासाठी, असल्याच मोठ्या संगणकावर. मी म्हटलं, जा की मग. ती म्हणाली, "जाऊ कशी, ताई? रोज घरी आलं की त्यो जुना प्रोग्राम काडून बसते. थोडं थोडं आकडं घालून कितींदा चालवला. मेमरीच्या भाईर जातच न्हाई. म्हंजे चूक लई खोल हाय. ती घावल्याबिगर तितं कुटल्या तोंडानं जाऊ? तितं बी पडला जॉब तर?" आणि मग, "तुमाला आठवतंय का हो, काय दुरुस्त केलं व्हतं?"

चार वर्षं मी हे सगळं झालं-गेलं म्हणून गाडून टाकलं होतं. आणि ती पोर रोज संध्याकाळी ते उकरत बसलीय. एक वाक्य. एका वाक्यात ती मोकळी झाली असती. मी घरात एकटी होते. नोकरी जायची भीती नव्हती, साहेब कधीच निवृत्त झालेत. काहीच आडवं नव्हतं. त्या दुपारी पासवर्ड टाकला तेव्हा तरी पुढं काय होईल ते नक्की नव्हतं. या वेळी सगळं स्वच्छ दिसत होतं.

मी म्हटलं, "आता नाही गं आठवत. शोध तू. सापडेल."

ती म्हणाली, "व्हय ताई. शोधते."