नितळ पाण्याची राखण

धाड गावचा बाजार करून येणारी जीप वळणावर आली की आतली माणसं शेततळ्याकडे बघायचं टाळतात. दिवेलागणीला तिथं म्हणे एक बाई बसलेली दिसते. हातात तुराटी, डोक्यावर पदर. नव्या सुनांना सांगतात, ती आसरा आहे, पाण्यातल्या साती जणींतली मागं राहिलेली. आता आसरांना तंबाखू लागते असं कोणी ऐकलं नाही, आणि ही बाई तर घटकेघटकेला चुना मळते. ती आपली झुंबरबाई.

तळं तिच्या नवऱ्यानं खोदलं. खाली प्लास्टिक अंथरलं, काठावर साती आसरांचे सात दगड मांडून शेंदूर लावला. "पान्याले कोनाले नाही म्हनू नको," एवढं सांगून तो देवाघरी गेला. झुंबरबाईनं ते पाळलं. शेरड्या, बैल, वाटसरू, भटकी कुत्री, सगळ्यांनी त्या तळ्याला तोंड लावलं. घरात म्हणाल तर ती आणि सावळी. सावळी म्हणजे म्हैस. पण तिच्या तोंडावर तिला म्हैस म्हटलेलं झुंबरबाईला खपत नसे.

त्या उन्हाळ्यात जमीन तव्यासारखी तापली. तळं निम्म्याखाली गेलं. मधेच एक अवकाळी सर आली, ती वरच्या रानातलं खत तेवढं तळ्यात उतरवून गेली. पाणी कोमट, मुकं झालं आणि त्यावर पोपटी साय धरली. वास असा की नाकाला पदर लावावा. सावळीनं एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग झुंबरबाई हापशीवरून कळशा वाहू लागली, कंबर रोज तिच्याशी भांडू लागली.

पुतण्या राजकुमारची संत्र्याची बाग. तो निळ्या खड्यांची पिशवी घेऊन आला.

"काकू, मोरचूद हाय. झाडाले बुरशी आली का मारतो ना आपन? हे शेवाय बी तसंच मरते."

"सावळीले काही होईन का रे?"

"काही नाही होत वं. एवढ्या पान्यात एवढुसं तं हाय."

झुंबरबाईनं ते पोत्यात बांधलं, दोरी लावली आणि काठाकाठानं पाण्यातून स्वतःच्या हातानं ओढत नेलं. साय तपकिरी पडली, फाटली, तळाशी बसली. मग पाणी असं नितळ झालं की खालच्या प्लास्टिकची चुणी दिसावी. तिनं साती दगडांना कुंकू लावलं. बेडूक तेवढे गप्प होते. तिला वाटलं, खुशीत असतील बापडे.

सावळी पाण्यात उतरली आणि कान हलवत पोटभर प्याली. घोट घोट आवाज काठापर्यंत येत होता.

सकाळी तिचे पाय लटपटले. दुपारी ती बसली ती बसलीच. गुरांच्या डॉक्टरीणबाई भार्गवीताई आल्या, पोट चाचपलं, तळं पाहिलं आणि विचारलं, "यात काय टाकलं?"

झुंबरबाईनं सांगितलं. भार्गवीताई खाली मातीतच बसल्या.

"मावशी, ते साधं शेवाळ नव्हतं. त्याच्या पोटात विष असतं. ऊन, खत, आटतं पाणी, असा जाच झाला की कधीकधी ते जास्तच विष करतं. पण जिवंत असतं तोवर बरंचसं पोटात धरून ठेवतं. तुम्ही मारलं, ते फुटलं आणि सगळं पाण्यात उतरलं."

"पन आता तं पानी निर्मय हाय!"

"तेच वाईट. हिरवं होतं तेव्हा हिनं वासानं ओळखलं. आता कुणालाच ओळखू येणार नाही. उकळूनही विष जायचं नाही. काही आठवडे इथं कुणाला येऊ देऊ नका."

उन्हं कलायच्या आत सावळी गेली.

तिच्यावर पोतं पांघरलं न पांघरलं तोच घुंगरं वाजली. शकीलच्या शेरड्या जुन्या वाटेनं पाण्याला येत होत्या. झुंबरबाई आडवी उभी राहिली.

"सरक ना मावशी, तहानेल्या हायेत."

"नाही."

"नाही? ह्या तळ्यावर हा शब्द पहिल्यांदा आयकला म्या. म्हैस गेली म्हून पान्यावर राग काहाडतं काय? पाहा बरं, आरशावानी झालं!"

झुंबरबाईच्या जिभेवर सोपं उत्तर आलं होतं. आसरा कोपल्या म्हटलं असतं तर शकीलनं मान डोलावली असती, गावानंही, आणि तिच्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं. पण आसरांचा कोप एका नारळात उतरतो. उद्या कोणीतरी नारळ फोडला असता आणि परवा गुरं पाण्याला आली असती.

एक पाट, कोवळी शेरडी, तिच्या बगलेतून निसटली. तिनं तिचा कान धरून मागं ओढली.

"इख हाय त्याच्यात. म्या टाकलं, ह्या हातानं. माही सावळी म्याच मारली, शकील. सांग साऱ्या गावाले."

शकीलनं पाटीला उचलून खांद्यावर घेतलं, बाकीच्या वळवल्या. दुसऱ्या दिवशी तो बाभळीच्या काट्यांची गाडी घेऊन आला आणि दोघांनी मिळून तळ्याला कुंपण घातलं. बोलला एवढंच, "कोनी इचारलं तं म्या सांगतो. तू बस."

ती बसली. पावसाळा आला, जुनं पाणी वाहून गेलं, भार्गवीताईंनी नवं तपासून बरं म्हटलं. बेडूक परतले, शेरड्याही परतल्या. बाभळीच्या काट्या कुजल्या. झुंबरबाई काही उठली नाही.

वारा पडला की पाणी पुन्हा आरशासारखं होतं, आणि त्या आरशातून तिला आवाज येतो, घोट घोट, सावकाश, समाधानानं. मग ती तुराटी उगारते.

"हट् सावळे! नको पिऊ माय, नको पिऊ."

ते जीपमधल्यांनाही ऐकू येतं. ड्रायव्हर वळणावर गाडी पळवतो.