दुसऱ्या हौदाची पंगत

"देव अक्कल वाटत हुता तवा मी वाढपी हुतो. समद्यांना वाढून झाल्यावर माझ्या पानात काय उरणार?" कळंबचा गेणबा स्वतःबद्दल असं सांगायचा आणि लोक हसायच्या आधी आपणच हसून घ्यायचा.

वाढपी म्हणून मात्र तो पंचक्रोशीत नावाजलेला. लग्नाच्या पंगतीत पाटलाच्या पत्रावळीवर त्याच्या हातची जेवढी लापशी पडे, तेवढीच टोकाला बसलेल्या गड्याच्या. पंक्तिप्रपंच करणाऱ्याचं नरकातसुद्धा पान मांडत नाहीत, असं त्याचं ठाम मत. नरकातल्या पंगतीची माहिती त्याला कुठून, हे कुणी विचारलं नाही.

पंचावन्न सालच्या सुमाराला विद्यापीठानं गावाबाहेर तळ्याकाठी पाण्याचा आणि रानाचा अभ्यास करायला एक केंद्र काढलं. पत्र्याच्या दोन खोल्या, मागं बाभळी-करंजाचं रान, पुढं सिमेंटचे दोन हौद. राखणीला गेणबा लागला. खाकी कोट मिळाला. तो भर उन्हाळ्यात घालून त्यानं गावाला चक्कर मारली. घामानं निथळला, पण एक बटण काढलं नाही.

केंद्राचे टेंबेसाहेब पुण्याहून महिन्याकाठी येत. त्यांनी दोन्ही हौदांत रोहू माशाची बोटाएवढी पिल्लं सोडली आणि बजावलं, "गेणबा, या हौदात रोज शेंगदाण्याची पेंड टाकायची. त्या हौदात काही म्हणजे काही नाही. पाण्यात आपसूक उगवतं तेवढ्यावर ती किती वाढतात, ते बघायचंय."

"जी," गेणबा म्हणाला.

दोन दिवस त्यानं मन घट्ट केलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या हौदातली पिल्लं कडेला येऊन तोंडं उघडमीट करू लागली. पोट भरलेलं असो वा नसो, मासे तोंड उघडमीट करतातच. पण गेणबाला ती पान मांडून वाट बघत बसलेली पोरं दिसली. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मूठभर पेंड तिकडंही टाकली. मग रोजच टाकू लागला.

पावसाळा सरला. साहेबांनी जाळं टाकून मासे तोलले, तर दोन्हीकडचे सारखेच! साहेब हरखून गेले. या पाण्यात पेंडीवाचूनही मासा तेवढाच वाढतो, असं ते आता पुण्याच्या सभेत सांगणार होते.

गेणबाची पंचाईत झाली. बोलावं तर कोट जाणार, गप्प बसावं तर चार शहाण्यांत साहेबांचं हसं होणार. घरी येऊन त्यानं बायकोला, कुशाबाईला, सगळं सांगितलं.

"कोट गेला तर जाऊंद्या. तसंबी त्यात तुमी बुजगावण्यावानी दिसता," ती म्हणाली. "उद्या सांगून टाका. आन् सायबांना जेवाया घिऊन या."

दुसऱ्या दिवशी गेणबानं सांगितलं. साहेब लालबुंद झाले. "सगळी मेहनत मातीत घातलीस माझी! एवढं एक काम जमत नाही तुला?"

"वाढायचं जमतं, सायेब. न वाढायचं न्हाय जमलं." गेणबानं कोट काढला, नीट घडी घालून पुढं केला. साहेबांनी तो घेतलासुद्धा. "पर जेवाया या," गेणबा म्हणाला. "कुशानं चूल पेटवलीया."

शेजारच्या वालचंदनगरहून परतीची गाडी संध्याकाळची होती. राग असला तरी पोट होतंच. साहेब आले.

त्यांच्या ताटात गरम भाकरी, भरली वांगी, वर तूप. शेजारी गेणबाचं ताट रिकामं.

"यांना वाढा ना," साहेब म्हणाले.

"ह्यो दुसरा हौद हाय," कुशाबाई पदर सावरत म्हणाली. "आपसूक उगवंल त्यावर जगंल. तुमी जेवा."

वांग्यांचा वास आला तसं गेणबाचं तोंड नकळत उघडमीट झालं, आणि आपण कुणासारखे दिसतोय हे कळून त्याला स्वतःचंच हसू आलं. साहेबांनी घास तोंडाशी नेला, खाली ठेवला. पुन्हा नेला. शेवटी भाकरी मोडून अर्धी गेणबाच्या ताटात टाकली.

"सायेब," गेणबा म्हणाला, "तुमचाबी प्रयोग बुडाला."

साहेबांना हसता हसता ठसका लागला. जाताना त्यांनी कोट गेणबाच्याच खुंटीला अडकवला. मात्र दुसऱ्या दिवसापासून त्याला मागच्या रानातल्या झाडांच्या राखणीवर धाडलं. तिथं कुणाला काही वाढायचं नव्हतं.